गाडीची उंची ॲपवर, पण चाकांचा कोन कोण बघणार?

१ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात गाडी एकदम खाली करून रस्त्यावर फिरवणं पुन्हा कायदेशीर झालं. त्याआधी तिथे १९५०च्या दशकाच्या अखेरीचा एक नियम होता. गाडीत बदल करून बॉडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आला, तर तो गुन्हा. ‘एबी ४३६’ या विधेयकाने तो नियम रद्द केला आणि अशा गाड्यांच्या संथ मिरवणुकांवर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकारही काढून घेतला. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन तरुणांनी घडवलेल्या ‘लोरायडर’ संस्कृतीसाठी हा मोठा विजय होता.

गंमत म्हणजे बटण दाबून गाडी खाली-वर करण्याची कल्पना त्या जुन्या बंदीतूनच आली. सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरे या तरुणाने १९५९च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, पोलीस गेले की गाडी खाली! आज त्या हायड्रॉलिकची जागा बऱ्याच ठिकाणी हवेने घेतली आहे आणि बटणाची जागा मोबाइल ॲपने. ब्लूटूथ जोडा, स्क्रीनवर बोट ठेवा, गाडी बसते. रीलसाठी याहून सोपा मसाला कुठला?

आपल्याकडेही अशा रील्स भरपूर फिरतात. त्या पाहून मला येणाऱ्या मेसेजमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा असतो: “दादा, एअर सस्पेन्शनला खर्च किती?” त्याच्या पुढचा प्रश्न जवळपास कोणीच विचारत नाही: “गाडी खाली केल्यावर अलाइनमेंटचं काय?” खरा खर्च आणि खरा धोका या दुसऱ्या प्रश्नात आहे. म्हणून आज त्याच्याबद्दल.

एअर सस्पेन्शन म्हणजे नेमकं काय?

साध्या गाडीत चाक आणि बॉडीच्या मध्ये लोखंडी स्प्रिंग असते. एअर सस्पेन्शनमध्ये तिच्या जागी जाड रबराची हवा भरलेली पिशवी असते. डिकीत एक कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी, तिथून चारही पिशव्यांपर्यंत नळ्या, मध्ये व्हॉल्व्ह आणि हे सगळं चालवणारा छोटा कंट्रोलर. हवा भरली की गाडी उचलली जाते, सोडली की बसते.

यात नवीन काही नाही. दादर-पुणे शिवनेरीच्या व्होल्वो बसने गेला असाल तर तुम्ही एअर सस्पेन्शनवर बसलेले आहात. मर्सिडीजने १९६०च्या दशकात मोठ्या गाडीत ते दिलं होतं. रेंज रोव्हरमध्ये १९९२ पासून इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आहे आणि १९९८च्या एस-क्लासपासून ‘एअरमॅटिक’ हे नाव सर्वांना माहीत झालं. पण कंपनीने गाडी घडवतानाच बसवलेलं सस्पेन्शन आणि नंतर बाहेरून किट आणून बसवलेलं सस्पेन्शन, यांत फार मोठा फरक आहे. तो फरक कुठे आहे हे कळण्यासाठी आधी चाकाचे तीन कोन समजून घेऊ.

कॅम्बर, कॅस्टर आणि टो

गाडीसमोर उभं राहून चाकाकडे बघा. चाक वरच्या बाजूने आत किंवा बाहेर झुकलेलं असेल, तर तो कॅम्बर. वरून आत झुकलं तर निगेटिव्ह, बाहेर झुकलं तर पॉझिटिव्ह. रीलमध्ये चाकं तिरकी होऊन मडगार्डच्या आत शिरलेली दिसतात ना, तो खूप जास्त निगेटिव्ह कॅम्बर.

गाडीच्या बाजूने पाहिलं, तर पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो थोडा मागे कललेला असतो. तो कॅस्टर. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, ते मुख्यतः याच्यामुळे.

आता कल्पना करा की तुम्ही गाडीकडे थेट वरून पाहताय. दोन्ही चाकांची टोकं पुढे एकमेकांकडे वळली असतील तर टो-इन, बाहेर वळली असतील तर टो-आउट. कबुतरासारखं पाय आत टाकून चालणारा माणूस आठवा, तो टो-इन.

आता महत्त्वाची गोष्ट. चाक बॉडीला सरळ जोडलेलं नसतं, ते आर्मवर लटकलेलं असतं. आर्मचं एक टोक बॉडीला, दुसरं चाकाला. गाडी खाली बसली की चाक बॉडीच्या तुलनेत वर जातं, पण सरळ रेषेत नाही, तर कमानीत. दाराचा कोपरा जसा बिजागरीभोवती कमानीत फिरतो, तसंच. त्यामुळे कॅम्बर बदलतो. स्टिअरिंगचा टाय रॉडही आपल्या वेगळ्या कमानीत फिरतो. दोन कमानी जुळल्या नाहीत, की टाय रॉड चाकाला आत ओढतो किंवा बाहेर ढकलतो. म्हणजे स्टिअरिंग न फिरवता टो बदलला. मेकॅनिक याला बम्प स्टिअर म्हणतात. टो आत जाणार की बाहेर, किती जाणार, हे प्रत्येक गाडीच्या रचनेवर अवलंबून असतं. म्हणून ‘मित्राच्या गाडीला जेवढं चाललं तेवढं माझ्या गाडीला चालेल’ हे गणित इथे बसत नाही.

टायर खातो कोण? कॅम्बर की टो?

बहुतेकांना वाटतं तिरकं चाक म्हणजे कॅम्बर, म्हणजे तोच टायर खातो. दिसायला तो भयंकर दिसतो हे खरं. २०५ मिलिमीटर रुंदीचा टायर ३ अंश झुकवला, तर त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेत सुमारे ११ मिलिमीटर उंचीचा फरक पडू पाहतो. साहजिकच आतली कड जास्त भार घेते आणि आधी झिजते.

पण खरा चोर टो आहे. हिशेब करून बघू. १७ इंची रिम म्हणजे सुमारे ४३२ मिलिमीटर. समजा दोन्ही चाकं मिळून टो ३ मिलिमीटरने चुकला, म्हणजे प्रत्येक चाक दीड मिलिमीटर. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. पण चाकाचं तोंड गाडीच्या दिशेपासून तेवढं वळलेलं असल्यामुळे दर किलोमीटरला ते चाक हिशेबाने साडेतीन मीटर आडवं घासलं जातं. १०,००० किलोमीटरमागे ३५ किलोमीटर! रबराचा काही भाग लवचीकपणाने हे सहन करतो, पण उरलेलं रस्त्यावर पावडर होऊन राहतं.

दोन्ही एकत्र आले की काय होतं? कॅम्बरने सगळा भार आतल्या कडेवर आणला आणि टोने तीच कड घासली. बाहेरून बघाल तर टायर नवाकोरा. आतल्या बाजूला मात्र रबर संपून खालच्या तारा दिसायला लागलेल्या असतात. नियमाप्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. ही कड त्याच्या कितीतरी खाली गेलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो.

आता असा टायर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, मेच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर, १२० च्या वेगाने तासन् तास चालवा. शहरात पंक्चरवर भागलं असतं, तिथे ते जिवावर बेततं. म्हणून हा विषय फक्त हौसेचा नाही. मागच्या सीटवर घरची माणसं बसलेली असतात.

टेस्लाची गोष्ट: उंची सॉफ्टवेअरमध्ये गेली तेव्हा

२०१३च्या शेवटी अमेरिकेत टेस्ला मॉडेल एसच्या दोन गाड्यांना रस्त्यावर पडलेल्या लोखंडी वस्तू खालून लागून आग लागली. त्या गाड्यांचं एअर सस्पेन्शन हायवेवर वेग वाढला की आपोआप खाली जायचं, म्हणजे हवेचा विरोध कमी आणि रेंज जास्त. नोव्हेंबर २०१३ मध्ये टेस्लाने इंटरनेटवरून अपडेट पाठवलं आणि हायवेवर गाडी थोडी उंच राहू लागली. एकही पाना न फिरवता, हजारो गाड्यांची उंची बदलली. पुढच्या वर्षी बॅटरीखाली टायटॅनियमची ढाल आली आणि अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने चौकशी बंद केली.

मला या घटनेतून एक गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. उंची एका रात्रीत बदलूनही त्या गाड्यांची अलाइनमेंट नव्याने करायची वेळ आली नाही. कारण आर्म आणि टाय रॉडच्या कमानी आधीच अशा आखलेल्या असतात की ठरलेल्या उंचीच्या टप्प्यात टो जवळपास हलत नाही. कंपनीचं एअर सस्पेन्शन म्हणजे फक्त पिशव्या नव्हेत, त्यामागची ही भूमिती आहे.

बाहेरचं किट साध्या हॅचबॅकला लावलं तर पिशवी नवी येते, आर्म मात्र जुनेच राहतात. ते आर्म कंपनीने ठरवलेल्या उंचीसाठी बनवलेले असतात. तुम्ही गाडी ७०-८० मिलिमीटर खाली आणली, तर ते त्यांना कधी अपेक्षितच नव्हतं. ॲपमध्ये उंचीचे तीन-चार पर्याय साठवता येतात, पण टाय रॉडवर सेटिंग एकच असतं. उंची डिजिटल झाली, अलाइनमेंट अजून नट-बोल्टातच आहे.

मग अलाइनमेंट कोणत्या उंचीला करायचं?

उत्तर एका ओळीचं आहे: ज्या उंचीला तुम्ही गाडी चालवता, त्याच उंचीला. पार्क करून फोटोसाठी पूर्ण खाली बसवलीत, तेव्हा चाकं कितीही तिरकी असोत, ती फिरत नाहीयेत, त्यामुळे टायर झिजत नाही. पण त्या स्थितीत पार्किंगमधून गेटपर्यंतही चालवायची नाही. टायर मडगार्डला किंवा पिशवीला घासला तर पिशवी फुटू शकते.

रोजची उंची पक्की करायची तर ती मोजावी लागते. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा कमी-जास्त झाली की ते माप बदलतं. चारही चाकांची मापं फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी अलाइनमेंटला जाताना हीच मापं हवीत.

इथे किटचा प्रकारही महत्त्वाचा. स्वस्त किट फक्त हवेचा दाब बघतात. पण एकट्याने बसल्यावर ज्या दाबाला गाडी एका उंचीला उभी राहते, त्याच दाबाला पाच जण बसल्यावर ती खाली जाते. म्हणजे ॲपवर आकडा तोच, चाकाचा कोन वेगळा. उंची मोजणारे सेन्सर असलेलं किट भार वाढला की हवा वाढवून उंची तीच ठेवतं. अलाइनमेंट टिकवायचं असेल तर दुसरा प्रकारच कामाचा.

दुकानात गेल्यावर

बऱ्याच अलाइनमेंटच्या दुकानांत मी एकच दृश्य पाहतो. गाडी रॅम्पवर, चाकांना टार्गेट, स्क्रीनवर लाल आकडे. पोरगा खाली जातो, दोन नट फिरवतो, आकडे हिरवे, पावती फाडली, पुढची गाडी. साध्या गाडीला हे बहुतेक वेळा चालून जातं. खाली केलेल्या गाडीला नाही. मशीनमधला हिरवा रंग कंपनीच्या मूळ उंचीसाठी आहे. त्यामुळे खाली केलेल्या गाडीचा कॅम्बर कदाचित लालच राहील. टो मात्र हिरव्यात आलाच पाहिजे.

दुकानात या गोष्टी विचारा आणि समोर उभं राहून करून घ्या:

१. आधी चारही टायरची हवा सारखी करा. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बुश यांत खेळ आहे का ते बघा. सैल भागांवर केलेलं अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंत टिकतं.

२. गाडी रोजच्या उंचीला आणा, टेपने खात्री करा आणि मग आपोआप उंची सांभाळणारी सिस्टम बंद करा. नाहीतर मोजताना मध्येच कॉम्प्रेसर सुरू होऊन सगळं हलतं. कंपनीच्या एअर सस्पेन्शनमध्ये यासाठी स्कॅनर लावून वेगळा मोड निवडावा लागतो.

३. किट नवीन बसवलं असेल तर आर्मचे बोल्ट रोजच्या उंचीला सैल करून पुन्हा आवळायला सांगा. रबरी बुश ज्या स्थितीत आवळले जातात तीच त्यांची विसाव्याची जागा ठरते. गाडी लटकलेली असताना आवळले, तर खाली आल्यावर ते कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

४. क्रम: आधी मागची चाकं, मग पुढची. पुढे आधी कॅस्टर आणि कॅम्बर, सगळ्यात शेवटी टो. कारण आधीचे दोन बदलले की टो पुन्हा हलतो.

५. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेली प्रिंट मागा.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅकला मागे टॉर्शन बीम असतो. त्यात मागच्या चाकांचा कॅम्बर आणि टो सहज बदलता येत नाही. पुढेही बऱ्याच गाड्यांत कारखान्यातून फक्त टो बदलायची सोय असते, कॅम्बरसाठी वेगळे बोल्ट किंवा प्लेट लागतात. दुकानदार “होऊन जाईल” म्हणाला तर “काय काय बदलता येतं?” एवढं विचारा. उत्तरावरून माणूस कळतो.

कॅमेऱ्याचं आणि हेडलाइटचं काय?

ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० नंतर एडास आपल्या मधल्या किमतीच्या गाड्यांत पसरलं. काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधला रडार रस्त्याकडे एका ठरलेल्या कोनातून बघतात. समजा २,६०० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीचं तोंड मागच्यापेक्षा ३० मिलिमीटर जास्त खाली आलं. कोन अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. पण ५० मीटर पुढे नजर सुमारे ५८ सेंटिमीटर खाली जाते. हेडलाइटचंही तसंच, उजेड जवळच पडतो. उलट मागची बाजू खाली गेली, तर समोरच्याच्या डोळ्यांत.

मागच्या दोन चाकांचा टो असमान असेल तर गाडी किंचित खेकड्यासारखी तिरकी चालते आणि सरळ जायला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. मग गाडीचा कॉम्प्युटर समजतो की तुम्ही वळताय. त्यामुळे एडास असलेल्या गाडीत सस्पेन्शनची उंची बदलली की फक्त अलाइनमेंट पुरत नाही. स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणणं आणि कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन हेही लागतं. साध्या टायरच्या दुकानात त्याची सोय बहुधा नसते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ला हेच ठामपणे अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत नवं कलम आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कंपनीकडून एअर सस्पेन्शनसह आलेल्या गाडीला काहीच अडचण नाही. बाहेरून किट लावून रस्त्यावर आलात तर मात्र दंडाबरोबर विम्याचाही प्रश्न उभा राहतो. अपघातानंतर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते.

इथे मला दोन टोकं दिसतात. कॅलिफोर्नियाने दार उघडलं, आपण बंद ठेवलं. जर्मनीचा रस्ता मधला आहे. तिथे सस्पेन्शन बदललं तर अधिकृत तपासणी करून घ्यावी लागते, बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. चाक कुठे घासत नाही ना, हे अभियंता बघतो आणि अलाइनमेंट, हेडलाइट नव्याने लावणं हा त्या प्रक्रियेचाच भाग असतो.

आपल्याकडच्या सरसकट बंदीचं कारण मला समजतं. तपासायला माणसं आणि यंत्रं नसतील तर बंदी सोपी. पण तिचा एक तोटाही आहे. हौस थांबत नाही, ती फक्त गल्लीतल्या गॅरेजमध्ये जाते. तिथे किट बसतं, रील बनते आणि कोणी टेप लावून उंची मोजत नाही. आरटीओला दिसेल म्हणून गाडी तपासणीपासून लांब ठेवली जाते, म्हणजे जिला तपासणीची सगळ्यात जास्त गरज तीच गाडी कोणी बघत नाही. बदल नोंदवायचा, तपासायचा आणि मगच रस्त्यावर आणायचा असा मार्ग आपल्याकडे निघायला हवा, असं माझं मत आहे. तो निघेपर्यंत कायदा आहे तसा पाळायचा. शो किंवा खासगी ट्रॅक यांपलीकडे अशी गाडी नेऊ नये.

फोन काढा, आजच तपासा

गाडी खाली केलेली असो वा नसो, हे सगळ्यांनी करून बघा.

• गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, इंजिन बंद करा. फोनचा टॉर्च आणि व्हिडिओ सुरू करून टायरच्या आतल्या कडेवरून फिरवा. मग दुसऱ्या बाजूला. मागच्या टायरसाठी फोन मागून खाली धरा. बाहेरून न दिसणारी झीज इथे दिसते.

• टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो चुकलाय.

• एक सरळ पट्टी रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला उभी टेकवा, तिच्यावर फोन ठेवून लेव्हल ॲप उघडा. कॅम्बरचा अंदाज येतो. डाव्या-उजव्या चाकात मोठा फरक असेल तर दुकान गाठा.

• सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतंय का, गाडी एका बाजूला ओढतेय का, याकडे लक्ष द्या.

हा अंदाज आहे, मशीनला पर्याय नाही. पण आतली कड गुळगुळीत झालेली दिसली, तर अलाइनमेंटच्या आधी टायर बदला आणि तोपर्यंत हायवेला जाऊ नका. गाडी कितीही देखणी उभी राहिली, तरी रस्त्याला टेकलेला भाग प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढाच असतो.